मालिका संपते, हुरहूर उरते

घरातले माणूस गेले तर सुतक पाळण्याची रीत आहे. शेजारीपाजारी पिठलेभात आणून देतात, नातेवाईक भेटायला येतात, चार शब्द बोलतात, आणि हळूहळू दुःखाला वाट मिळते. पण रोज रात्री ठरल्या वेळी घरात येणारी, आपल्या जेवणाच्या वेळी आपल्यासमोर हसणारी, भांडणारी, रडणारी पाच-सहा माणसे एका शनिवारी निरोप घेऊन निघून गेली, तर? त्या दुःखाला ना सुतक, ना सांत्वन. बोलून दाखवले तर ऐकणारा हसतो आणि म्हणतो, ‘‘अहो, टीव्हीवरची मालिका ती! आज ना उद्या संपायचीच.’’

संपायची हे खरेच. तरीही आवडती मालिका मनासारखी पूर्ण होण्याआधीच बंद झाली की कित्येक घरांत चार दिवस करमत नाही. ही हुरहूर वेडेपणाची म्हणून झटकून टाकावी, की तिच्यामागे काही खरे असते? बंगळूरच्या जयनगर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या काकूंना हा प्रश्न आयुष्यात दोनदा पडला.

परक्या शहरातले ओळखीचे गाव

काकू मूळच्या सांगलीच्या. १९८६ साली लग्न होऊन त्या बंगळूरला आल्या. यजमान एका सरकारी कारखान्यात नोकरीला. ते सकाळी कारखान्याच्या बसने गेले की संध्याकाळपर्यंत घरात मराठीचा एक शब्द कानावर पडायचा नाही. दूधवाला कन्नड, भाजीवाला कन्नड, वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई कन्नड. कांद्याला ‘ईरुळ्ळी’ आणि पालेभाजीला ‘सोप्पू’ म्हणतात, एवढे शिकण्यातच पहिला महिना गेला. मराठी ऐकायची ती गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात एखादा कार्यक्रम असेल तेव्हा, नाहीतर माहेरून येणाऱ्या पत्रांत वाचायची.

त्या दिवसांत दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ सुरू झाली. भाषा हिंदी, लेखक इंग्रजीत लिहिणारे आर. के. नारायण, दिग्दर्शक कन्नड चित्रपटांचा लाडका नट शंकर नाग. सुरुवातीला रेखाचित्रे यायची ती लेखकाचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, ज्यांचा ‘कॉमन मॅन’ मराठी घरांना वर्षानुवर्षे ओळखीचा. एल. वैद्यनाथन यांनी बांधलेली शीर्षकाची धून ऐकली की हातातले काम टाकून माणसे खोलीत येऊन बसत. मास्टर मंजुनाथने रंगवलेला स्वामी, त्याचे कडक शिस्तीचे वडील झालेले गिरीश कर्नाड, आई झालेल्या वैशाली कासारवल्ली, मिठाईवाला जगन झालेला अनंत नाग. ही सगळी माणसे काकूंना बंगळूरच्या आपल्या गल्लीतल्या माणसांसारखीच दिसली. नवे शहर परके वाटत होते, पण मालगुडी मात्र ओळखीचे वाटले.

मालगुडी हे गाव नकाशावर नाही. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या बंगळूरच्या दोन जुन्या वस्त्यांची नावे जोडून नारायण यांनी ते घडवले, असे पुष्कळ लोक सांगतात. मालिकेसाठी मात्र शंकर नागने ते शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे या धो धो पावसाच्या गावी उभे केले. घरमालकीणबाई दर भागाला खाली येऊन बसत. त्यांना हिंदी जेमतेम समजायचे, काकूंना कन्नड मुळीच नाही. पण स्वामीच्या पाठीवर वडिलांची नजर पडली की दोघी एकदमच ‘अय्यो!’ म्हणत. काकूंना अवगत झालेला कन्नड भाषेतला पहिला उद्गार तोच!

दिग्दर्शकच गेला तेव्हा

मालिकेचे ३९ भाग झाले. ती कुणी बंद पाडली नव्हती. पण नारायण यांच्या गोष्टी अजून कितीतरी होत्या, आणि शंकर नाग तेव्हा पस्तिशीच्याही आत होता. आज ना उद्या तो पुन्हा मालगुडीला नेईल, असे प्रेक्षक धरूनच चालले होते. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अनगोडू येथे मोटार अपघातात तो गेला, तेव्हा वय होते ३५.

मराठी वाचकांनाही हा माणूस परका नव्हता. उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरजवळ जन्मलेला, कोंकणी घरातला हा मुलगा मुंबईत मराठी रंगभूमीवर वाढला. त्याची पत्नी अरुंधती त्याला तिथल्या नाटकांमधूनच भेटली. चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या गाजलेल्या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्याचा हात होता. नंतर कर्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ या कन्नड चित्रपटातल्या भूमिकेने तो कर्नाटकाचा झाला, आणि ‘ऑटो राजा’नंतर तर बंगळूरच्या रिक्षावाल्यांनी त्याला आपलाच मानले. आजही शहरातल्या रिक्षांच्या मागच्या बाजूला त्याचे चित्र दिसते.

त्या दिवशी बंगळूरमध्ये जो तो एका नटासाठी रडत होता. काकूंच्या डोळ्यांसमोर मात्र स्वामी होता. ‘आता त्याचे पुढे काय होणार?’ असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या स्वतःच ओशाळल्या. एवढा मोठा माणूस गेला, त्याची बायको आणि लहानगी मुलगी मागे राहिली, आणि आपल्याला काळजी कसली, तर गोष्टीतल्या पोराची! यजमानांनी विचारले, ‘‘काय झालं गं?’’ त्यांनी ‘काही नाही’ म्हणून पदर डोळ्याला लावला. घरमालकीणबाई मात्र खाली आल्या, शेजारी बसल्या आणि कन्नडमध्ये एवढेच म्हणाल्या, ‘‘आता मालगुडीला कोण नेणार आपल्याला?’’ तोपर्यंत तेवढे कन्नड काकूंना समजू लागले होते.

मालिका अकाली का संपतात?

आपल्या आवडत्या मालिकेचे आयुष्य कोण ठरवतो, हे प्रेक्षकाला सहसा माहीत नसते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर बहुतेक मालिकांना तेरा भागांची मुदत मिळे. प्रायोजक खूश असले आणि मुदतवाढ मिळाली, तर पुढचे भाग. नाहीतर गोष्ट कुठेही असो, तेराव्या भागाला गाशा गुंडाळायचा. ‘हम लोग’सारखी १९८४ ते १९८५ अशी दीड वर्षाच्या आसपास चाललेली मालिका त्या काळात अपवादच.

खासगी वाहिन्या आल्यावर टीआरपीचा जमाना आला. मोजक्या घरांत यंत्रे बसवायची, त्या घरांनी काय पाहिले ते नोंदवायचे आणि त्यावरून साऱ्या प्रेक्षकांची आवड ठरवायची, अशी ही पद्धत. आकडा खाली आला की जाहिराती कमी होतात, आणि जाहिराती कमी झाल्या की मालिका जाते. २००४ मध्ये सुरू झालेली ‘साराभाई वर्सेस साराभाई’ ही विनोदी मालिका २००६ मध्ये थांबली, कारण तेव्हा तिला पुरेसा टीआरपी नव्हता. पुढे पुनःप्रक्षेपणात लोकांनी ती डोक्यावर घेतली. अमेरिकेतल्या ‘स्टार ट्रेक’चेही असेच झाले. १९६८ मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून ती एक वर्ष वाचवली, पण १९६९ मध्ये ७९ भागांवर ती बंद झालीच. नंतर पुनःप्रक्षेपणाने तिला असा प्रेक्षक मिळवून दिला, की दहा वर्षांनी तिच्यावर चित्रपट निघाला.

मराठी मालिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मराठी वाहिन्यांचा हिशेब मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या घरांवरून मांडला जातो. म्हणजे बंगळूर, हैदराबाद किंवा इंदूरमधले मराठी कुटुंब एखादी मालिका कितीही जीव लावून पाहत असले, तरी त्याचे प्रेम त्या आकड्यात जवळजवळ धरलेच जात नाही. आपले रडणे हिशेबात नाही, ही जाणीव परगावी राहणाऱ्या माणसाला जास्त लागते.

सासू-सुनेचे ‘माजघर’

काकूंना दुसऱ्यांदा हुरहूर लागली ती २०१६ मध्ये. तोवर बंगळूर बदलले होते आणि घरही. यजमान निवृत्त झाले होते. मुलाने आपल्याच कंपनीतल्या मुलीशी लग्न केले होते. सून शिमोग्याची, कन्नड घरातली, हुशार, पण अबोल. कामावरून परतायला तिला रात्रीचे नऊ-साडेनऊ होत. सासू-सुनेचे बोलणे ‘जेवलीस का?’ आणि ‘हो’ यापलीकडे जात नसे. भांडण नव्हते, कटुता नव्हती, पण दोघींना जोडणारा धागाही नव्हता. इंग्रजीत मोकळेपणाने बोलणे काकूंना जमत नसे, आणि तीस वर्षांत शिकलेले त्यांचे कन्नड भाजीबाजारापुरते.

मार्च २०१५ मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली. मुंबईतल्या एका घरात एकत्र राहणारी सहा तरुण मुले. त्या घराचे नाव ‘माजघर’. काकू ती पाहू लागल्या. सून उशिरा जेवायला बसे तेव्हा टीव्ही चालूच असे. पहिले काही दिवस ती मान खाली घालून जेवायची. एके रात्री आशूच्या एका वाक्यावर काकू खळखळून हसल्या आणि सुनेने विचारले, ‘‘अत्ते, तो काय म्हणाला?’’ काकूंनी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये समजावून दिले. विनोद पार बिघडला, पण त्या बिघडलेल्या विनोदावर दोघी जास्तच हसल्या.

मग तो नेमच झाला. सुनेचे ताट वाढून ठेवायचे, दोघींनी समोर बसायचे. रेश्मा, मीनल, अ‍ॅना, कैवल्य, सुजय, आशू ही नावे घरातल्या माणसांसारखी झाली. लग्न करून मुंबईत आलेली आणि या मित्रांच्या घरात आधार सापडलेली रेश्मा सुनेला फार आवडे. एकदा ती म्हणाली, ‘‘अत्ते, मी पण आले तेव्हा असंच वाटायचं. सगळे चांगले, पण माझं कोणी नाही.’’ काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘अगं, मलाही या गावात आले तेव्हा अगदी हेच वाटायचं.’’ तीस वर्षांच्या अंतराने दोघी एकाच दारातून आत आल्या होत्या, हे कळायला एक मालिका निमित्त झाली. वर्ष संपत आले तेव्हा सून ‘काहीही हं!’ असे अस्सल मराठी ठसक्यात म्हणू लागली होती.

आणि २० फेब्रुवारी २०१६ च्या शनिवारी मालिका संपली. पुरते एक वर्षही झाले नव्हते. तिकडे महाराष्ट्रात कितीतरी तरुण चाहते हळहळले, आणि जयनगरमध्ये सोमवारी रात्री सून जेवायला बसली तेव्हा दोघींच्या समोर बंद टीव्ही होता. मुलगा थट्टेने म्हणाला, ‘‘आई, सीरियल संपली म्हणून कोणी एवढं तोंड पाडून बसतं का?’’ कुणीच उत्तर दिले नाही. काकूंनी त्या आठवड्यात मालिकेतल्या मुलांना दोन पानी पत्र लिहिले. लिहून झाल्यावर ते पोस्टात न टाकता हिशेबाच्या वहीत ठेवून दिले. त्यांना भीती वाटत होती ती वेगळीच. मालिका गेली म्हणजे पुन्हा ‘जेवलीस का?’ आणि ‘हो’ एवढ्यावरच येणार की काय?

ही हुरहूर खोटी नसते

मालिकेसाठी रडणाऱ्याला हसण्यापूर्वी हे समजून घ्यायला हवे. बहुतेकदा माणूस रडतो तो केवळ पडद्यावरच्या पात्रांसाठी नाही. त्या अर्ध्या तासाच्या निमित्ताने घरात जे घडत होते, ते आता घडणार नाही, याचे दुःख मोठे असते. कुणाची ती आजारी वडिलांशेजारी बसण्याची वेळ असते, कुणाची वसतिगृहातल्या मैत्रिणींबरोबर दंगा करण्याची, तर कुणाची दिवसभरातली मातृभाषा ऐकण्याची एकमेव वेळ.

पडद्यावरच्या माणसांशी प्रेक्षकाचे एकतर्फी पण जवळिकीचे नाते जुळते, हे हॉर्टन आणि व्होल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडले होते. २००४ मध्ये ‘फ्रेंड्स’ ही मालिका संपली, तेव्हा इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. खऱ्या नात्यातल्या ताटातुटीसारखेच, पण पुष्कळ सौम्य दुःख प्रेक्षकांना होते, आणि ज्यांचे त्या पात्रांशी नाते घट्ट असते त्यांना ते अधिक होते, असे त्यांना आढळले. एकटेपणाचाही त्यात वाटा होता.

हा अनुभव टीव्हीबरोबर जन्माला आला, असेही नाही. १८९३ मध्ये कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला कथेत मारून टाकले, तेव्हा इंग्लंडचे वाचक खवळले होते. अखेर लेखकाला होम्सला परत आणावे लागले.

अर्थात प्रत्येक गोष्टीला मर्यादा हवी. मालिका संपली म्हणून कामात लक्ष लागत नसेल, मुलांवर राग निघत असेल किंवा आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, तर कारण मालिका नाही, दुसरेच काही आहे, हे ओळखावे आणि घरातल्या माणसांशी, गरज पडली तर डॉक्टरांशी बोलावे. शिवाय नाण्याची दुसरी बाजूही आहेच. ज्या मालिका संपायला हव्या होत्या आणि संपल्या नाहीत, त्यांचे काय होते हे आपण पाहतोच. मेलेले परत येतात, चेहरे बदलतात, एका मंगळसूत्रावर महिना निघतो. प्रेक्षकाला कंटाळा येतो, पण सवय सुटत नाही. वेळेआधी गेलेली मालिका निदान मनात ताजी तरी राहते.

पुन्हा आणता येते का?

बंद पडलेली मालिका परत यावी, असे चाहत्यांना वाटते. कधी ती येतेही. ‘साराभाई’ २०१७ मध्ये नव्या भागांसह इंटरनेटवर आली. ‘दिल दोस्ती’ची मंडळी ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात एकत्र आली आणि २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ही निघाली. ‘मालगुडी डेज’चे आणखी १५ भाग २००६ मध्ये कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनाखाली दूरदर्शनवर आले. चाहते उत्सुकतेने बसतात, पण मनातल्या मनात तुलना सुरू होते. दोष नव्या भागांचाच असतो असे नाही. पहिल्या वेळी आपण ज्या खोलीत, ज्या माणसांबरोबर बसलो होतो, ती खोली आणि ती माणसे कुठून आणणार?

अरुंधती नाग यांनी वेगळा मार्ग निवडला. पती अर्धवट सोडून गेला ते काम जसेच्या तसे पुढे रेटण्याऐवजी, बंगळूरमध्ये चांगली नाट्यगृहे हवीत हे त्याचे स्वप्न त्यांनी मनावर घेतले आणि २००४ मध्ये जे. पी. नगरात ‘रंगशंकर’ नाट्यगृह उभे केले. तिथे अनेक भाषांतली नाटके होतात.

जयनगरच्या घरात तोडगा सुनेनेच काढला. पंधरा-वीस दिवस गेल्यावर एका रात्री ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘‘अत्ते, आता माझ्या गावची मालिका बघू या.’’ ती ‘मालगुडी डेज’ होती. धून सुरू झाली आणि काकूंचा हात तोंडावर गेला. या वेळी समजावून सांगण्याची पाळी सुनेची होती. हे अमुक देऊळ, हा आगुंब्याचा रस्ता, हे ते मोठे जुने घर जिथे चित्रण झाले. काकूंनी तिला शंकर नाग गेला त्या दिवसाची, खाली येऊन बसलेल्या घरमालकीणबाईंची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

पुढे सुनेच्या माहेरी गेल्या तेव्हा काकूंनी आगुंबे पाहिले. शिमोग्याजवळच्या अरसाळू रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीत २०२० मध्ये मालगुडीचे छोटे संग्रहालय झाले आहे. तेही दोघी पाहून आल्या. तिथे त्यांच्यासारखीच पन्नाशी-साठी उलटलेली माणसे मुलानातवंडांना धरून फिरत होती आणि बोटाने दाखवून काही ना काही सांगत होती.

तेव्हा आपल्या घरात कुणाची आवडती मालिका अवचित बंद झाली, तर त्याची थट्टा करण्याची घाई करू नये. त्याला एवढेच विचारावे, ‘‘पुढे काय व्हायला हवं होतं असं तुला वाटतं?’’ आणि टीव्ही बंद ठेवून त्याचे उत्तर नीट ऐकावे.